सिलिॲकचं निदान झालंय? मुंबईतल्या घरात सुरुवात अशी करा

सगळ्यात आधी एक सांगते. सिलिॲक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार. त्याची नुसती शंका असेल आणि तपासण्या व्हायच्या असतील, तर पोळी बंद करू नका. शेजारच्या काकू म्हणतात, 'गहू सोडून बघ, बरं वाटेल,' आणि खरंच बरं वाटतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलं की रक्तातल्या अँटीबॉडी (या आजारात शरीर तयार करतं ती प्रतिकारक प्रथिनं) उतरलेल्या असतात, आतडंही थोडं भरून आलेलं असतं आणि रिपोर्ट धड 'हो' म्हणत नाही, धड 'नाही' म्हणत नाही. मग निदानासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो आणि तो त्रास फार वाईट असतो. म्हणून तपासणी आधी, पथ्य नंतर.

तपासणीची सुरुवात रक्तापासून होते. या अँटीबॉडी मोजणारी 'टीटीजी-आयजीए' नावाची चाचणी असते आणि तिच्याबरोबर 'टोटल आयजीए'ही करून घ्यावी लागते. आयजीए हा अँटीबॉडीचाच एक प्रकार. काही जणांच्या शरीरात मुळातच आयजीए कमी असतं, त्यांची पहिली चाचणी आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. टीटीजी वाढलेलं असेल तर मोठ्या माणसांमध्ये एंडोस्कोपी करून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे तपासायला घेतात, त्याला बायोप्सी म्हणतात. मुलांमध्ये टीटीजी नॉर्मलच्या दहापट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए ही आणखी एक अँटीबॉडी चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर काही वेळा बायोप्सी टाळता येते. तो निर्णय मात्र पोटविकारतज्ज्ञांचा. खासगी खर्च झेपणार नसेल तर केईएम, सायन, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत पोटविकारांचे विभाग आहेत, आणि परळचं वाडिया रुग्णालय खास मुलांचं आहे. केसपेपरच्या रांगेसाठी सकाळ मोकळी ठेवा.

शंका कधी घ्यायची, तेही सांगायला हवं, कारण आपल्याकडे जुलाब म्हटले की अमीबा आणि पोट फुगलं की गॅस, इथेच विषय संपतो. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, मुलाची उंची-वजन वयाच्या मानाने मागे पडतं, मुलीची पाळी उशिरा सुरू होते, तोंड सारखं येतं, हाडं ठिसूळ होतात, वारंवार गर्भपात होतात, यातल्या कशामागेही सिलिॲक असू शकतो. काहींना तर उलट बद्धकोष्ठता असते. पोटाची एकही तक्रार नसलेले रुग्णही असतात.

आत काय चाललंय

गहू, जव आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो, तो याचाच. सिलिॲकमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्ती या ग्लुटेनमुळे चिडते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं सगळं तिथून शोषलं जातं. ते उंचवटे झिजून सपाट होतात. मग माणूस पोटभर जेवतो आणि अंगाला काहीच लागत नाही.

ही ॲलर्जी नव्हे आणि पोट नाजूक असणंही नव्हे. आजाराची प्रवृत्ती आनुवंशिक असते, एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ या जनुकांशी जोडलेली. पण ही जनुकं असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. त्यामुळे घरात 'कुणाकडून आलं' याचा शोध घेत बसू नका, विशेषतः सुनेच्या माहेराकडे बोट दाखवू नका.

गव्हाचा हात यात आहे हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. त्यानंतर इतकी वर्षं गेली तरी या आजारावरचा उपाय तोच आहे: ग्लुटेन पूर्ण बंद आणि तेही आयुष्यभर. थोडं खाल्लं तर चालतं असं यात नाही. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी काही महिन्यांत आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. पावाच्या एका तुकड्यात याच्या कितीतरी पट ग्लुटेन असतं. खाल्ल्यावर त्रास झाला नाही म्हणजे आतडं सुखरूप आहे, असाही अर्थ काढू नका.

काय खायचं, याची चिंता सोडा

निदान झाल्याच्या दिवशी घरात रडारड होते. ती स्वाभाविक आहे. पण आपण मराठी माणसं आहोत ही या आजारात मोठी जमेची बाजू आहे, हे मला मनापासून सांगायचंय. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं यांत ग्लुटेन नाही. भाकरी, आंबोळी, घावन, उकडीचे मोदक, पातोळे, पिठलं-भात, थालीपीठ (भाजणीचं नंतर बोलू), कांदेपोहे, सोलकढी हे सगळं ताटात राहतं. एरवी अवघड वाटणारा उपास तर सगळ्यात सोपा. नाचणी रोजच्या जेवणात आणाच. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि या आजारात हाडांना त्याची गरज असते. दुकानातली ग्लुटेन-फ्री बिस्किटं महाग असतात, त्यांत साखर आणि स्टार्च भरपूर असतं. प्रवासापुरती ठेवा.

जाणार काय, तर पोळी, पाव, रवा, मैदा, दलिया, शेवया, बिस्किटं, खारी, टोस्ट. ही यादी चार दिवसांत पाठ होते. एक मात्र स्पष्ट सांगते. खपली गहू चालत नाही. 'जुना गहू आहे, ग्लुटेन कमी असतं, पचायला हलका' असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं. सिलिॲक असलेल्यासाठी खपली, बन्सी, सिहोर सगळे सारखेच, कारण तो गहूच आहे. ओट्सवरही गव्हाची धूळ असते. शुद्ध प्रमाणित ओट्स बऱ्याच जणांना चालतात, पण पहिल्या वर्षात त्यांच्या वाटेला न गेलेलं बरं, आणि पुढे घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून.

खरं काम पिठाचं आहे

ताटातला गहू काढणं सोपं असतं. घरातलं गव्हाचं पीठ काढणं हे खरं काम, आणि बहुतेक नवी कुटुंबं इथेच अडतात. 'आम्ही तर गहू कधीच सोडला, तरी टीटीजी खाली येत नाही' म्हणणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते: दळण कुठे आणता?

कोपऱ्यावरच्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. त्याच जात्यातून तुमची ज्वारी जाते. आधीच्या दळणाचं पीठ जात्यात, नळीत, कापडी पिशवीत उरलेलं असतं आणि ते तुमच्या डब्यात उतरतं. गिरणीवाले दादा कितीही भले असले, 'आधी तांदूळ टाकून जातं साफ करतो' म्हणाले, तरी ते पुरत नाही. सकाळचं पहिलं दळणही नाही, कारण रात्रीचं पीठ आत तसंच असतं.

उपाय दोन. एक, घरघंटी घ्या आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही कधी टाकू नका. जुनी, वापरलेली घरघंटी घेऊ नका, ती गव्हावरच चाललेली असणार. जागा आणि पैसा दोन्ही अडचणीचे असतील तर सिलिॲक असलेली दोन-तीन कुटुंबं मिळून एक घेता येते. दुसरा उपाय, पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असं स्पष्ट लिहिलेलं पीठ. भारतात हा शब्द छापायचा तर एका किलोत ग्लुटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, हा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा नियम आहे. 'मल्टिग्रेन' आणि 'नाचणी आटा' या शब्दांवर भुलू नका. त्यांत पहिला घटक बहुतेक वेळा गहूच निघतो.

धान्य आणल्यावर ताटात पसरून निवडा. वाण्याकडे सुटी ज्वारी-बाजरी एकाच मापाने निघते, त्यामुळे गव्हाचे दाणे सापडतातच. निवडून, धुऊन, खडखडीत वाळवून मग दळा. आणि थोडं थोडं दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी थापताना तडकते. हात बसेपर्यंत पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळा. ग्लुटेनचा चिवटपणा नसल्याची भरपाई त्याने होते.

आता ओटा. लाकडी पोळपाट-लाटणं, काथवट, पिठाची चाळण आणि पोळ्यांचा तवा या वस्तू कितीही घासल्या तरी पूर्ण साफ होत नाहीत. सिलिॲक असलेल्यासाठी त्या नव्या घ्या आणि वेगळ्या रंगाची खूण करा. स्टीलची भांडी साबणाने नीट धुतली की सगळ्यांना चालतात. तूप, लोणी, लोणचं, जॅम यांच्या बरण्या वेगळ्या करा, कारण पोळीचा हात लागलेला चमचा त्यांत जातो. सिलिॲक असलेल्याचे डबे वरच्या फळीवर ठेवा, म्हणजे वरून पीठ सांडणार नाही. कणीक मळताना उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहतं. त्यामुळे त्याचं जेवण आधी करून झाकून ठेवायचं आणि मगच पोळ्यांना बसायचं. स्वयंपाकाला मावशी येत असतील तर हाच क्रम त्यांना शांतपणे समजावून सांगा, कारणासकट. 'आधी भाकरी, मग पोळी' हे एकदा कळलं की त्या आपल्याहून जास्त कटाक्षाने पाळतात.

वन रूम किचनमध्ये दोन स्वयंपाक वेगळे ठेवणं खरोखर अवघड आहे. तिथे मी सरळ सुचवते की कणकेचा डबा घरातून जाऊ दे. बाकीच्यांना पोळी हवीच असेल तर पोळीभाजी केंद्रातून तयार पोळ्या आणा. ही सोय मुंबईत गल्लोगल्ली आहे. तयार पोळीचे कण पडतात, पण कोरडं पीठ उडत नाही, आणि डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

जिथे गहू असेल असं वाटतही नाही

पोट बिघडलं की आपण काय देतो? मऊ भात आणि मेतकूट. मेतकुटात डाळी आणि तांदळाबरोबर गहूही भाजून घालतात. म्हणजे आजारी माणसाला प्रेमाने दिलेला पहिला घासच चुकीचा ठरू शकतो. मेतकूट घरी करा, गहू वगळून. चवीत फार फरक पडत नाही.

थालिपिठाच्या भाजणीतही गहू असतो, तीही घरीच भाजावी आणि घरघंटीवर दळावी. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो. कुरडया गव्हाच्या चिकाच्या. हुलग्याच्या शेंगोळ्यांत, कोंबडी-वड्यांच्या पिठात, कोथिंबीर वडीत अनेक घरांत मूठभर गव्हाचं पीठ घालतात, तेव्हा विचारून खा.

आणि हिंग. बाजारातला बहुतेक हिंग 'कंपाउंडेड' असतो, म्हणजे हिंगाचा थोडा अर्क आणि बाकी पीठ व डिंक. ते पीठ पुष्कळदा मैद्याचं असतं. खडा आहे म्हणून शुद्ध, असंही समजू नका. बांधानी हिंगाच्या खड्यातही पीठ असतं. तांदळाच्या पिठातला, ग्लुटेन-फ्री लिहिलेला हिंग मिळतो, तोच आणा. हिंग बदलला की हिंगाबरोबर घरात येणाऱ्या वस्तूही बघायच्या: तयार लोणचं, लोणच्याचा मसाला, चाट मसाला, पापड, गोडा मसाला. लालबागला वर्षाचा मसाला करून आणत असाल तर मिरच्या आणि खडे मसाले तिथून घ्या, पण हिंग आपला द्या किंवा घालूच नका.

याशिवाय पाकिटावर 'बार्ली' (म्हणजे जव) किंवा 'माल्ट' (बहुधा जवापासूनच केलेलं) दिसलं की ते परत ठेवून द्या. मुलांच्या दुधात घालायच्या बऱ्याच पावडरींत आणि कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट असतं. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणून गाडीवरचं चायनीज बंद. बिअर जवाची. माल्टोडेक्स्ट्रिनला मात्र घाबरू नका, नाव सारखं असलं तरी ते चालतं. कुठलंही औषध नव्याने सुरू करताना गोळीत गव्हाचा स्टार्च नाही ना, हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारा.

घराबाहेर

हॉटेलात 'ग्लुटेन' हा शब्द वापरू नका. कुणालाही कळत नाही, आणि कळल्यासारखं दाखवून मान डोलावली जाते. 'यात मैदा, रवा, गव्हाचं पीठ काही आहे का? मला डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय, थोडंसुद्धा चालत नाही,' असं विचारा. शक्य असेल तर गर्दी नसताना जा आणि वेटरऐवजी मालकाशी किंवा आचाऱ्याशी बोला.

उडुपी हॉटेलातली साधी इडली आणि नारळाची चटणी त्यातल्या त्यात बरी, चटणीच्या फोडणीत हिंग नाही ना एवढं विचारून. रवा इडली आणि रवा डोसा नाही. साध्या डोशाच्या पिठात कुरकुरीतपणासाठी रवा किंवा मैदा घालतात का, आणि त्याच तव्यावर रवा डोसा होतो का, हे विचारायचं. सांबारात हिंग असतो. वडापावातला पाव काढून नुसता वडा खाऊ, असा विचार करू नका. बेसनाचा असला तरी तो समोशाच्या तेलात तळलेला असतो. भेळेत पुरी, पाणीपुरीत रवा, मिसळीच्या फरसाणात काहीही. मालवणी खाणावळीत बांगडा, सुरमई, बोंबील रव्यात घोळवून तळतात. करी विचारून घ्या, सोबत भात आणि सोलकढी. तांदळाची भाकरी असेल तर तिची परात आणि तवा कुठला, ते विचारा.

मुलांच्या शाळेत वर्गशिक्षिकांना भेटून एक पानी पत्र द्या: आजाराचं नाव, काय चालत नाही, डबा कुणाशी बदलायचा नाही. वाढदिवसाच्या केकसाठी शाळेत किंवा मुलाच्या दप्तरात चालणाऱ्या खाऊचा डबा असू द्या, म्हणजे इतर खात असताना ते मूल रिकाम्या हाताने बसणार नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चिकणमातीसारखी खेळायची रंगीत क्ले कधीकधी गव्हाच्या पिठाची असते, तीही बघा.

सण-समारंभात सगळ्यात कठीण प्रसंग सत्यनारायणाच्या प्रसादाचा. शिरा रव्याचा, आणि 'प्रसादाला नाही म्हणू नये, एवढ्याशाने काय होतंय' म्हणणारी माणसं मायेचीच असतात. प्रसाद हातात घ्या, नमस्कार करा आणि घरातल्या दुसऱ्याला द्या. तीर्थ आणि फळ पुरे. घरच्या पूजेला वरीच्या तांदळाचा शिरा करता येतो. गणपतीत उकडीचे मोदक आहेतच, फक्त पिठी घरची हवी, तळणीचे नकोत. होळीला पुरण वाटीत घेऊन तुपाबरोबर खाता येतं. दिवाळीत अनारसे, चकली, बेसन लाडू, पोह्यांचा चिवडा घरचा असेल तर चालतो. तळण ताज्या तेलात आधी चकलीचं काढा, शंकरपाळे आणि करंज्या नंतर.

पुढच्या तपासण्या

पथ्य सुरू झाल्यावर बऱ्याच जणांना काही आठवड्यांत बरं वाटू लागतं. आतडं पूर्ण भरून यायला मुलांना महिने लागतात, मोठ्यांना एक-दोन वर्षं किंवा त्याहून जास्तही. सुरुवातीला दूध पचत नाही असं वाटलं तर ते तात्पुरतं असू शकतं. झिजलेल्या आतड्यात दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी झालेलं असतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड सुरुवातीलाच तपासून घ्या. मोठ्यांनी हाडांच्या घनतेची तपासणी डॉक्टरांना विचारावी. टीटीजी साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने आणि पुढे दरवर्षी. आकडा हळूहळू उतरतो, एकदम शून्य होत नाही. वर्ष उलटूनही तो अडून राहिला तर माणसाला दोष देण्याआधी हिंग, दळण आणि औषधं पुन्हा तपासा.

आई, वडील, भावंडं आणि मुलं यांचीही टीटीजी चाचणी करा, कुणालाही त्रास नसला तरी. रुग्णाच्या जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो.

लग्नाच्या वयाच्या मुलीचा आजार लपवू नका, एवढंच कळकळीने सांगते. नव्या घरात लपवून पथ्य पाळता येत नाही, आणि उपचार न झालेला सिलिॲक गरोदरपणात आई आणि बाळ दोघांनाही जड जातो. जी माणसं वेगळा तवा मान्य करतात, तेच घर बघा.

आणि रोजच्या पिशवीत, ऑफिसला जाणाऱ्याच्याही, डब्याव्यतिरिक्त एक जास्तीचा खाऊ ठेवा: शेंगदाण्याची चिकी, राजगिऱ्याचा लाडू, खजूर, घरचे भाजलेले चणे. पावसात लोकल ठप्प झाली तर कुर्ल्याच्या फलाटावर वडापाव, समोसा आणि बिस्किटाचा पुडा याखेरीज फारसं काही मिळत नाही. पावसाळ्याचे चार महिने हा खाऊ थोडा वाढवून ठेवा.